मूसची सोडत

मामी: पुरे. इथंच थांब. इथवर आलीस की गर्टी कीपिंगचा डोळा लागेल, आणि ती घोरायला लागली की मागच्या बाकांना तुझं अक्षर ऐकू येणार नाही.

डल्सी: मामी, माझं अजून पहिलंच वाक्य चाललंय.

मामी: तेच म्हणतेय मी. नमनालाच घडाभर तेल. 'जनुकीय उत्परिवर्तनामुळे हृदयाच्या स्नायूंमध्ये' आणि पुढं काय ते?

डल्सी: 'उद्भवणारी आनुवंशिक विकृती.'

मामी: हां. विकृतीपर्यंत पोचेतो माझं पीठ फुगून भांड्याबाहेर येईल. अगं, उद्या हॉलमध्ये कोण बसणार आहे, तुझे सेंट जॉन्स शहरातले प्रोफेसर? प्रार्थना आटोपून जेवणाच्या आशेनं आलेली माणसं ती. शेजारच्या खोलीत खारं मांस आणि कोबी शिजत असताना विकृतीचं नाव काढतेस? जेवतील कशी?

डल्सी: बरं. विकृती काढली. मग कसं सांगू?

मामी: मला काय विचारतेस? डॉक्टरीण तू. मी आपली पाव मळणारी बाई.

डल्सी: म्हणूनच तुझ्यासमोर बसून घोकतेय ना. तू गर्टी मावशी हो. ती विचारील ते विचार, मी उत्तर देते.

मामी: बरं. झाले मी गर्टी. 'काय गं डल्सी, तू ऑगस्टाची ना? आईचा गुडघा काय म्हणतो? एवढी शिकलीस, आता लग्न कधी?'

डल्सी: मामी.

मामी: मी कुठं? गर्टी विचारतेय. पहिले सगळे प्रश्न हेच असणार, तयारी ठेव. ते झाले की मग म्हणेल, 'माझ्या दोन पोरांना धरलंत ते धरलंत, आता सगळ्या कीपिंगांच्या काळजाच्या मागं तुमचं इस्पितळ का लागलंय? आमच्यातली माणसं मरतात ती थंड पाण्यानं. माझा दीर पाण्यात पडून गेला.'

डल्सी: मग मी म्हणेन, गर्टी मावशी, तो पाण्यात पडला म्हणून गेला नाही. तो गेला, म्हणून पाण्यात पडला.

मामी: हं. हे बरं आहे. हे कळेल. पुढं?

डल्सी: पुढं म्हणेन, आपल्या प्रत्येकाच्या अंगात एक लांबलचक मजकूर असतो. शरीर कसं बांधायचं त्याचा. त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. कीपिंग घराण्यात कधीतरी, कुणा पणजोबा-खापरपणजोबाच्या वेळी, त्या मजकुरातलं एक अक्षर चुकलं. ते चुकलेलं अक्षर ज्याला मिळतं त्याचं काळीज वरून धडधाकट दिसतं, आणि एक दिवस चालता चालता थांबतं.

मामी: एका अक्षरानं?

डल्सी: एका.

मामी: मी शाळेत एकेका ओळीत चार-चार चुकवायची. मास्तरीण म्हणायची, फिलोमिना, तुझ्यानं काही व्हायचं नाही. तरी अजून आहे मी. तुझा ईलाय मामा एकदासुद्धा चुकला नव्हता, कारण तो शाळेतच गेला नव्हता. आणि तोच मेला एका अक्षरानं, एकेचाळिसाव्या वर्षी, जाळी शिवता शिवता.

डल्सी: म्हणून तर आलेय ना. रक्त तपासलं की ते अक्षर सापडतं. सापडलं की गळ्याच्या हाडाखाली काड्यापेटीएवढी पेटी बसवायची. काळीज थांबलं की ती झटका देऊन पुन्हा चालू करते. मामाच्या वेळी हे कुणाला ठाऊक नव्हतं. तुझ्या सेल्बीच्या वेळी ठाऊक होतं, पण आम्ही इथवर पोचलो नव्हतो. आता पोचलोय, तर गावच येत नाही. गेल्या वर्षी हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. भाषण संपलं आणि नर्स बिचारी सुया मांडून बसली, तर तिच्याकडं मोजकी माणसं. बाकी सगळी जेवणाच्या रांगेत.

मामी: वाटाण्याची डाळ छान झाली होती त्या दिवशी.

डल्सी: हसू नकोस. तुझा लिअँडरसुद्धा आला नाही. बाप गेला, सख्खा भाऊ गेला, सगळ्या गावात पहिल्यांदा रक्त द्यायला हवं ते त्यानं. पत्रावर पत्रं धाडली मी. फोन केला की म्हणतो, डल्से, आवाज तुटतोय, खेकड्यांच्या बोटीवर आहे. जानेवारीत कुठले आलेत खेकडे?

मामी: त्याची काळजी नको करूस तू. त्याला काही नाही.

डल्सी: तपासल्याशिवाय कसं कळलं तुला?

मामी: मला कळतं. तू आपलं भाषण बघ. आणि हळू बोल, आलाच तो. बूट आपटतोय म्हणजे काहीतरी बिनसलंय.

लिअँडर: आई, चहा आहे का? आणि ह्या घरात कुणी मूसचं नाव काढायचं नाही.

मामी: का? काय झालं?

लिअँडर: शिकारीच्या परवान्यांची सोडत जाहीर झाली. स्टॅनली काकाचं नाव निघालं. माझं नाही. स्टॅनली काका ऐंशीला टेकलाय, त्याला बंदूक उचलत नाही, दात नाहीत. मूस म्हणजे घोड्याएवढं सांबर, ते काय तो हिरड्यांनी खाणार?

मामी: त्याची पाळी होती. तू तीन वर्षांपूर्वी मारलास, तळघरात त्याच्या मांसाच्या बरण्या अजून आहेत. मुकाट्यानं वाट बघ. दर वर्षी वरच्या गटात सरकशील, मग निघेल.

लिअँडर: सरकतोय कसला. ओहो, डॉक्टरीणबाई. ह्या खेपेला कोणती चित्रं आणलीस? गेल्या वर्षीची ती पिळलेली शिडी आहे ना अजून? गर्टी मावशी अजून विचारते, कुठल्या गलबताची होती म्हणून.

डल्सी: शिडी नाही आणली. आणि तू विषय बदलू नकोस. उद्या दहा वाजता नर्स हॉलमध्ये असेल.

लिअँडर: उद्या मला समुद्रातले सापळे बघायला जायचंय.

डल्सी: रविवारी? तुझ्या आईसमोर सांगतोस?

मामी: नको त्याच्या मागं लागूस. त्यापेक्षा भाषणाचं बघ. मला विचारशील तर उद्या शिडी नको, अक्षर नको, विकृती तर नकोच. सरळ मूस सांग. गेल्या वर्षी तेवढंच तर लोकांना कळलं.

डल्सी: खरंच कळलं?

मामी: म्हणजे काय. तू पंचेचाळीस मिनिटं बोललीस. त्यातली चाळीस डोक्यावरून गेली. मग तू म्हणालीस, 'हे मूसच्या सोडतीसारखं आहे, दोनात एकाचं नाव निघतं,' आणि सगळा हॉल ताठ बसला. गर्टी जागी झाली. स्टॅनलीनं कानातलं यंत्र चालू केलं. पोरी, इस्पितळातून आजवर इतकी माणसं आली, आमच्या भाषेत बोललेली तू पहिली. मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू.

डल्सी: मलाही वाटला होता. लोक हसले, माना डोलावल्या. परत जाताना फेरीबोटीवर मनात म्हटलं, जमलं बाई एकदाचं.

लिअँडर: आई, चहाचं काय झालं?

मामी: किटली तिथंच आहे, हात आहेत तुला. आणि ऐक डल्सी, तू गेल्यावर ज्यांना कळलं नव्हतं त्यांना मी समजावलं. सबंध हिवाळाभर. ज्यांच्याकडं चहाला गेले त्यांना, बिंगोला आल्या त्यांना. गावात असा एक कीपिंग नाही ज्याला मी मूस सांगितला नाही. तुझ्या इस्पितळानं मला पगार द्यायला हवा.

डल्सी: अगं, मग मला आधी का नाही सांगितलंस? थांब, मी लिहूनच घेते. कसं समजावतेस तू? उद्या तुझ्याच शब्दांत सांगीन.

लिअँडर: डल्से, राहू दे ना. दुसरं काहीतरी घे. कॅपलिन मासे घे. कॅपलिन किनाऱ्याला लागतात, काही वाळूत अडकतात, काही परत जातात. छान आहे की.

मामी: तू गप बस. कॅपलिनचं काय मध्येच? ती मला विचारतेय. हां, तर असं बघ. मी म्हणते, मूसच्या सोडतीत एकदा तुमचं नाव निघालं की पुढं काही वर्षं ते तळाशी जातं. ज्याचं निघालं नाही तो वर सरकतो. सरकार शहाणं आहे, एकाच घराला दर वर्षी मूस देत नाही. बरोबर?

डल्सी: बरोबर. आणि?

मामी: आणि काळजाचं तसंच. आता आमचंच घर घे. ईलायकडं ते चुकीचं अक्षर. पोरं दोन. तू म्हणालीस, दोनात एक. सेल्बीचं नाव निघालं. झालं. आमच्या घराची पाळी होऊन गेली. लिअँडरचं नाव तळाशी. त्याला सुई टोचून काय बघायचंय?

डल्सी: मामी.

मामी: गर्टीची चार पोरं. मोठ्या दोघांना पेट्या बसल्या, म्हणजे खालचे दोघं सुटले. धाकटा तुमच्या नर्सकडं निघाला होता गेल्या वर्षी, मीच त्याला रांगेतून परत आणला. म्हटलं, वेड्या, तुझे दोन भाऊ झाले ना, मग? स्टॅनलीचं असं की त्याच्यात बहिणी धरायच्या का नाही ते मला नक्की कळेना, पण एकंदरीत ते बरोबर बसतं. आणि वरच्या गल्लीतल्या त्या कीपिंगांची तिन्ही पोरं गेली, ते कसं, म्हणून एकीनं मला अडवलं. तर मी म्हटलं, त्यांच्यात दोन पिढ्या कुणाला निघालंच नव्हतं. सगळं साठून राहिलं होतं. तिला पटलं. अशी काय बघतेस? काही चुकलं का?

डल्सी: तू चुकली नाहीस. मी चुकले.

मामी: म्हणजे?

डल्सी: मामी, ह्या सोडतीला आठवण नसते.

मामी: न असायला काय झालं? सरकारी कचेरीत सगळं लिहिलेलं असतं. कुणाला कधी मिळाला, कुणाला नाही.

डल्सी: मूसचं लिहिलेलं असतं. ह्याचं कुणीच लिहून ठेवत नाही. हे बघ, एका भांड्यात दोन चिठ्ठ्या. एक बरी, एक वाईट. सेल्बी तुझ्या पोटात आला तेव्हा त्यानं एक उचलली. ती वाईट निघाली. पण ती भांड्याबाहेर नाही गेली, मामी. ती परत भांड्यात पडली. लिअँडरच्या वेळी भांड्यात पुन्हा दोनच चिठ्ठ्या होत्या. सेल्बीनं काय उचललं होतं ते भांड्याला ठाऊकच नव्हतं. तू दहा पोरं जन्माला घातली असतीस, तरी दर पोराला त्याच दोन.

मामी: पण तू दोनात एक म्हणालीस. मी ह्या कानांनी ऐकलंय.

डल्सी: म्हणाले. आणि वर मूसचं नाव घेतलं. मला लोकांना हसवायचं होतं. सोडत म्हटल्यावर तुम्ही आपली सोडत समजणार, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही.

मामी: नाही नाही. काहीतरी हिशेब असणारच. देव एवढा बेहिशेबी नाही. एका घरातून त्यानं बाप नेला, एक मुलगा नेला, आता दुसऱ्याकडं कशाला वळून बघेल तो? तू पुस्तकातलं सांगतेस. घरांमध्ये असं नसतं.

डल्सी: घरातलंच सांगू?

मामी: सांग.

डल्सी: आमच्या घरी आम्ही दोघं भावंडं. रँडल आणि मी. दोनात एक हिशेब खरा असता तर एकाला असायला हवं ना? आईला ते आहे, मामाला होतं तसंच. आणि आम्हा दोघांनाही आहे.

लिअँडर: काय म्हणालीस?

डल्सी: रँडलनं तिकडं अल्बर्टात, कामाच्या गावीच पेटी बसवून घेतली. माझी सेंट जॉन्सला बसवली, सेल्बी गेल्यावर महिन्याभरात. खोटं वाटत असेल तर हात लाव, मामी. इथं. हाडाखाली.

(मामी पिठाचा हात एप्रनला पुसते आणि डल्सीच्या गळ्याखाली ठेवते. बराच वेळ ती तो काढत नाही.)

मामी: काड्यापेटीएवढी म्हणाली होतीस. ही तर साबणाच्या वडीएवढी आहे.

डल्सी: लोक घाबरू नयेत म्हणून तसं सांगतो आम्ही.

मामी: दुखतं का?

डल्सी: नाही. त्या कुशीवर झोपताना तेवढं टोचतं.

मामी: आणि ऑगस्टानं मला सांगितलं नाही. ह्या गावात कुणाच्या कोंबडीनं अंडं घातलं तरी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. आणि तुझ्या आईनं एवढं पोटात ठेवलं? माझ्यापासून?

डल्सी: तुझ्यापासूनच ठेवलं. आई म्हणाली, फिलोमिनाच्या घरातले दोघं गेले. आपली दोघं पेट्या लावून हिंडताहेत, ते तिला कोणत्या तोंडानं सांगू? म्हणाली, गावात कुठं बोलशील तर बघ. म्हणून मी उभी राहते आणि सगळ्यांची घरं सांगते, आपलं तेवढं सोडून. तुला सांगायला हवं होतं, मामी. मूसपेक्षा तेच सांगायला हवं होतं.

मामी: लिअँडर.

लिअँडर: काय?

मामी: डल्सी सांगते ते कळलं का तुला?

लिअँडर: कळलं.

मामी: मग तुला धक्का नाही बसला?

लिअँडर: डल्सीच्या पेटीचा बसला. बाकीचं मला ठाऊक होतं.

मामी: काय ठाऊक होतं?

लिअँडर: हेच. चिठ्ठ्यांचं. गेल्या वर्षी हॉलमधून घरी येताना तू मला वाटेत मूस समजावत होतीस, तेव्हाच कळलं होतं की तू काय समजलीस. आई, मी पत्ते खेळतो. मागचा डाव हरलो म्हणून पुढच्या डावात एक्का येत नाही, हे मला माझे पैसे घालवून कळलंय.

डल्सी: मग तू आला का नाहीस? अरे, मला वाटलं तू सुईला घाबरतोस. इस्पितळात मी सगळ्यांना तेच सांगत होते.

लिअँडर: थोडा घाबरतोही. पण ते कारण नाही.

मामी: मग काय कारण?

लिअँडर: सेल्बी मार्चात गेला. तू जूनपर्यंत त्या दिवाणावर भिंतीकडं तोंड करून पडली होतीस. तीन महिने. डोळ्यांतून टिपूस नाही. शेजारच्या बायका सूप घेऊन यायच्या, तू त्यांच्याकडं बघायचीही नाहीस. फादर येऊन बसायचे, त्यांच्याशीही नाही. डल्सी येणार म्हणून मी तुला बळंच उठवून हॉलमध्ये नेलं. परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरलो, तर तू चूल पेटवलेली आणि पाव मळत होतीस. मला म्हणालीस, 'तुझ्या भावानं तुझं घेतलं रे, आपल्यावरचं सगळं त्यानं एकट्यानं घेतलं.' आणि लोणी लावून पहिला तुकडा माझ्या हातात दिलास. आता तो खात खात मी काय बोलणार होतो? की आई, असं काही नसतं, सेल्बी उगीच गेला?

डल्सी: लिअँडर.

लिअँडर: रक्त दिलं असतं आणि वाईट निघालं असतं, तर तू पुन्हा भिंतीकडं वळली असतीस. तेवढंच माझ्या डोक्यात होतं. म्हटलं, निघायचं तर निघेल, नाहीतर नाही. निदान घरात पाव तरी होतोय.

मामी: आणि बोटीत एखाद्या दिवशी कोसळला असतास म्हणजे? ह्या वसंतात कधी डोळ्यांपुढं अंधार आला तुझ्या? खरं सांग.

लिअँडर: आई—

मामी: खरं सांग म्हटलं ना.

लिअँडर: एकदा. सापळा ओढताना. उपाशीपोटी होतो.

मामी: गाढवा. माझ्या झोपेसाठी तू जीव टांगून बसलास? तुझ्या बापाचा हेकटपणा तेवढा तुला मिळाला, त्याला सोडत लागली नाही. मला काय करायचा होता तो पाव? अं? कुणासाठी मळला असता मी तो?

लिअँडर: आई, रागावू नकोस. चांगल्यासाठीच केलं.

मामी: माहीत आहे. म्हणून तर राग येतोय. डल्सी, नर्स किती वाजता येते म्हणालीस?

डल्सी: दहाला. पण ती बंदराजवळच्या गेस्ट हाउसमध्ये आधीच येऊन उतरलीय. मी फोन केला तर आजही रक्त घेईल.

मामी: मग कर फोन. म्हणावं, गरम पाव मिळेल. आणि लिअँडर, तू बाही वर करून बस. बूट काढ म्हटलं तरी काढत नाहीस, आज काढ. कुठं जायचं नाहीये.

लिअँडर: आणि निघालं तर? बोट सोडावी लागेल का, डल्से? खरं सांग, हसवू नकोस.

डल्सी: पेटी बसवल्यावर काही महिने नाही जायचं. त्यानंतर डॉक्टर बघतील. कदाचित जाता येईल, कदाचित किनाऱ्यावरचं काम बघावं लागेल. मला आज ठाम सांगता येत नाही.

लिअँडर: हे तू पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोललीस.

डल्सी: आज शिकले.

मामी: आणि उद्याचं असं. जेवणाच्या आधी, तुझ्याही आधी, मी उभी राहणार. मूस मी घरोघरी पोचवला, तो परत मीच आणणार. गर्टीच्या धाकट्याला मी रांगेतून काढला होता, त्याला मी हाताला धरून रांगेत उभा करणार. लोक हसतील. म्हणतील, फिलोमिनाचं डोकं फिरलं, गेल्या वर्षी एक सांगत होती, यंदा दुसरंच. हसू देत. मग तू बोल. आणि आधी तुमच्या घरचं सांग. ऑगस्टाकडं मी बघते, तिला मी सांभाळीन.

डल्सी: आई चिडेल.

मामी: चिडू दे. चिडली म्हणजे फोन करील. किती महिने झाले, ती माझ्याशी नीट बोललेली नाही. का ते आता कळलं.

लिअँडर: आई, तू बस जरा. कधीची उभी आहेस.

मामी: बसते. पीठ तेवढं झाकून ठेव. ओलं फडकं घे, कोरडं नको.

लिअँडर: ठेवलं. आई, तू रोज झोपायच्या आधी सेल्बीच्या फोटोशी बोलतेस ना. जिन्यावर ऐकू येतं मला.

मामी: बोलत नाही. आभार मानते. म्हणते, बाळा, तू भावाचं घेतलंस, तुझे उपकार मी विसरणार नाही.

लिअँडर: आता काय म्हणशील?

मामी: आता काय म्हणणार? त्यानं कुणाचं काही घेतलं नव्हतं. त्याचं त्याला मिळालं, आणि तो गेला. आता मी त्याच्यासाठी नुसती रडेन, लिअँडर. एवढ्या दिवसांत ते राहूनच गेलं होतं.